बुडबुडा की फुगा?

अर्थकारणातल्या 'बबल' या इंग्रजी शब्दासाठी मराठीत दोन प्रतिशब्द वापरले जातात: बुडबुडा आणि फुगा. वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत येतात, आणि वरवर पाहता त्यात काही बिघडत नाही. परंतु शब्दांशी ज्याचा रोजचा संबंध आहे अशा वाचकाने येथे क्षणभर थांबायला हवे. बुडबुडा पाण्यावर आपोआप उठतो आणि आपोआप फुटतो. देहाच्या आणि संसाराच्या क्षणभंगुरतेसाठी ही प्रतिमा आपल्याकडे इतकी वापरली गेली आहे की बुडबुडा म्हटला की मनात वैराग्य येते. कुणाला जाब विचारावा अशी इच्छा होत नाही. फुग्याचे तसे नाही. फुगा कुणीतरी फुगवावा लागतो. त्यात कुणाचा तरी श्वास असतो, तो कुणाच्या तरी हातात असतो, आणि फुटतो तेव्हा बहुधा तो दुसऱ्याच कुणाच्या हातात गेलेला असतो.

मूळ इंग्रजी शब्दालाही हा दुसरा अर्थ होता. सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्रजीत 'बबल' हे क्रियापदही होते, आणि त्याचा अर्थ होता गंडवणे. जो गंडवला गेला त्यालाही 'बबल' म्हणत. १७२० साली लंडनमध्ये साउथ सी कंपनीचा भाव वर्षारंभीच्या सव्वाशे पौंडांच्या आसपासून उन्हाळ्यात हजाराच्या घरात गेला आणि वर्ष संपण्यापूर्वी जवळजवळ होता तेथे परतला. त्या काळच्या वाचकाला या शब्दात साबणाच्या पाण्याचा गोळा दिसत होता, तसेच एक गंडवणारा आणि एक गंडवलेला अशी दोन माणसेही दिसत होती. पुढे शब्दातली माणसे नाहीशी झाली आणि फक्त गोळा उरला. ही अर्थच्छटा हरवल्यामुळे आर्थिक तेजी-मंदीचा इतिहास आपण निसर्गातल्या घटनेसारखा, फार तर सामूहिक वेडासारखा वाचू लागलो. १९९५ ते २००२ या काळातील इंटरनेट उद्योगांची तेजी आणि तिचा अंत हा त्याचा सर्वांत जवळचा नमुना आहे. हा इतिहास बुडबुड्याचा म्हणून नव्हे, तर फुग्याचा म्हणून वाचून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम घटनाक्रम थोडक्यात. ९ ऑगस्ट १९९५ रोजी नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचे समभाग पहिल्यांदा बाजारात आले. कंपनी स्थापन होऊन जेमतेम सोळा महिने झाले होते. नफ्याचा पत्ता नव्हता. २८ डॉलरला देऊ केलेल्या समभागाचा त्या दिवसाचा पहिला व्यवहार ७१ डॉलरला झाला आणि दिवसअखेर भाव ५८ डॉलरांवर स्थिरावला. तंत्रज्ञान कंपन्यांचे वजन ज्यात मोठे असते तो नॅस्डॅक निर्देशांक त्या वर्षी नुकताच १००० च्या पुढे गेला होता. डिसेंबर १९९६ मध्ये, निर्देशांक १३०० च्या आसपास असताना, अमेरिकी मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी बाजारातील उत्साह विवेकाची मर्यादा ओलांडत आहे काय, अशी शंका जाहीरपणे व्यक्त केली. १० मार्च २००० रोजी तो ५०४८ वर बंद झाला. ऑक्टोबर २००२ मध्ये तो १११४ पर्यंत घसरला होता, म्हणजे ग्रीनस्पॅन यांनी शंका घेतली तेव्हा होता त्याहूनही खाली. दरम्यान सुमारे पाच लाख कोटी डॉलरांचे बाजारमूल्य नाहीसे झाले होते. २०००चा तो उच्चांक निर्देशांकाने पुन्हा ओलांडला तो थेट एप्रिल २०१५ मध्ये.

या आकड्यांखाली जे चालले होते ते मुख्यतः भाषेचे काम होते. नफा नसलेल्या कंपनीची किंमत ठरवायची तर नफा या शब्दाच्या जागी दुसरे काहीतरी आणावे लागते. ते 'आयबॉल्स' या शब्दाने आणले: संकेतस्थळावर किती जणांची नजर पडते ते मोजायचे आणि त्या नजरांनाच मूल्य द्यायचे. दरमहा जो तोटा होतो त्याला 'बर्न रेट' असे नाव मिळाले. तोटा या शब्दात कमीपणा आहे. जळण्यात वेग आहे, तेज आहे, आणि आपल्या मनाला तर यज्ञात टाकलेल्या आहुतीचीच आठवण व्हावी. मार्च २००० मध्ये 'बॅरन्स' या साप्ताहिकाने २०७ इंटरनेट कंपन्यांची रोकड आणि खर्च यांचा हिशेब मांडून त्यांपैकी ५१ कंपन्यांचे पैसे वर्षभरात संपतील असे दाखवले. आहुती हा शब्द काढून तोटा हा शब्द परत ठेवला, एवढेच त्या लेखाने केले. आणि तो त्या महिन्यात सर्वाधिक गाजलेल्या लेखांपैकी एक ठरला.

नाममाहात्म्याचा याहून स्पष्ट पुरावा अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनीच पुढे आणला. जून १९९८ ते जुलै १९९९ या काळात ज्या ९५ कंपन्यांनी आपल्या नावात 'डॉट कॉम' किंवा इंटरनेटसूचक शब्द घातला, त्यांचा तीन अभ्यासकांनी मागोवा घेतला. नामांतराच्या घोषणेच्या आगेमागच्या दहा दिवसांत या समभागांनी बाजाराच्या मानाने सरासरी ७४ टक्के जादा परतावा दिला होता. कंपनीचा इंटरनेटशी प्रत्यक्ष संबंध किती, याने त्यात फरक पडत नव्हता. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या शोधनिबंधाच्या शीर्षकात 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधील गुलाबाच्या नावाविषयीच्या प्रसिद्ध उद्गारावर कोटी केली होती. नावात काय आहे, या प्रश्नाला बाजाराने टक्केवारीत उत्तर दिले होते. यांपैकी काही अभ्यासकांनी नंतर दाखवून दिले की पडझडीनंतर तेच 'डॉट कॉम' नावातून काढून टाकणाऱ्या कंपन्यांचेही भाव वाढले. ज्या नावाने वाढले त्याच नावाच्या त्यागानेही वाढले. वस्तू मात्र दोन्ही वेळा तीच होती.

इथपर्यंतची हकीकत ऐकून कुणी म्हणेल की हे तर जमावाच्या वेडाचेच वर्णन झाले. पण थोडे खोलात गेले की चित्र बदलते. अमेरिकेत समभागांची विक्री करण्यापूर्वी कंपनीला माहितीपत्रक नोंदवावे लागते आणि त्यात धोके स्पष्टपणे सांगावे लागतात. या काळातील माहितीपत्रकांत ते सांगितलेले आहेत: आम्हाला आजवर तोटाच झाला आहे, यापुढेही होणार आहे, नफा कधी होईलच असे नाही. आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर कायद्याने मागितलेले सत्य अभिधेत नोंदवले गेले होते. परंतु गुंतवणूकदारापर्यंत जे पोचत होते ते सारे व्यंजनेत होते: दूरचित्रवाणीवरील मुलाखती, मासिकांची मुखपृष्ठे, विश्लेषकांची मानांकने. प्रत्येक वाक्य भविष्य सूचित करत होते, पण कोणतेही वाक्य ते सांगण्याची जबाबदारी घेत नव्हते. काव्यात व्यंजना हे वैभव असते, कारण तेथे वाचक आणि कवी यांच्यात पैशाचा व्यवहार नसतो. माहितीपत्रकाच्या अभिधेची नेमकी उलट गोष्ट जेव्हा मुखपृष्ठाची व्यंजना सांगते, आणि दोन्हींमागे हितसंबंध एकच असतात, तेव्हा त्या तफावतीला वेड म्हणता येत नाही. ती एक रचना असते.

ही रचना कशी चालत होती हे पुढे चौकशीत उघड झाले. एप्रिल २००२ मध्ये न्यू यॉर्क राज्याचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी मेरिल लिंच या दलाली आणि गुंतवणूक संस्थेतील अंतर्गत ईमेल जाहीर केले. हेन्री ब्लॉजेट हे तेथील इंटरनेट कंपन्यांचे नामवंत विश्लेषक. ज्या समभागांना जाहीर अहवालांत खरेदीयोग्य ठरवले जात होते, त्यांपैकी काहींचा उल्लेख खासगी पत्रव्यवहारात भंगार अशा अर्थाच्या शब्दांनी केलेला आढळला. मेरिलने १० कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. २००३ साली वॉल स्ट्रीटवरील दहा संस्थांनी सुमारे १४० कोटी डॉलरांची तडजोड केली. ब्लॉजेट यांनी आरोप मान्य किंवा अमान्य न करता ४० लाख डॉलर भरले आणि त्यांना रोखे-व्यवसायातून कायमचे बाहेर करण्यात आले. या कागदपत्रांचे महत्त्व दंडाच्या रकमेत नाही. एकाच लेखणीतून एकाच वस्तूविषयी दोन भाषा निघत होत्या, आणि दोहोंपैकी खरी कोणती हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते, याचा तो लेखी पुरावा आहे.

विक्रीच्या पद्धतीतही हेच दिसते. ९ डिसेंबर १९९९ रोजी व्हीए लिनक्स या कंपनीचा समभाग ३० डॉलरला देऊ केला गेला आणि दिवसअखेर २३९ डॉलरांवर बंद झाला. एका दिवसात ६९८ टक्के वाढ. कंपनीच्या तिजोरीत मात्र समभागामागे ३० डॉलरच्या आसपासचीच रक्कम गेली. मधला फरक ज्यांना मूळ किमतीला वाटप मिळाले त्यांचा होता, आणि वाटप कुणाला द्यायचे हे विक्री हाताळणारी गुंतवणूक बँक ठरवत होती. संस्थापकांचे आणि कर्मचाऱ्यांचे समभाग साधारण १८० दिवस विकता येत नसत. त्यामुळे भाव निदान सहा महिने टिकून राहण्यात आतल्या वर्तुळाचे हित होते. बाहेरचा माणूस जेव्हा विकत घेत होता तेव्हा त्याला विकणारा कोण, हे त्याला क्वचितच कळत होते. व्हीए लिनक्सचा समभाग तीन वर्षांत एक-दीड डॉलरवर आला.

तरीही हा इतिहास वेडाचा म्हणूनच का सांगितला जातो? याचे एक कारण एका गाजलेल्या ग्रंथात आहे. चार्ल्स मॅके या स्कॉटिश कवी-पत्रकाराने १८४१ साली जनसमूहाच्या भ्रमांवर एक पुस्तक लिहिले. हॉलंडमधील ट्यूलिपचे वेड, साउथ सी कंपनी इत्यादींच्या चटकदार कथा तेथूनच जगभर पसरल्या. ट्यूलिपच्या कथेतला दिवाळखोरीचा भाग बराचसा अतिरंजित आहे, हे ॲन गोल्डगार यांनी डच दप्तरे तपासून २००७ साली दाखवून दिले. मॅकेचीच पुढची हकीकत अधिक बोधप्रद आहे. पुस्तकानंतर चारच वर्षांनी ब्रिटनमध्ये रेल्वे कंपन्यांच्या समभागांची प्रचंड तेजी आली. मॅके तेव्हा ग्लासगोतील एका वर्तमानपत्राचा संपादक होता. आणि भ्रमांच्या या इतिहासकाराने आपल्या अग्रलेखांतून रेल्वेच्या विस्ताराचा उत्साहाने पुरस्कार केला. गर्दीचे वेड लिहून ठेवणाऱ्याला स्वतः उभा होता ती गर्दी दिसली नाही. वेडाची कथा नेहमी दुसऱ्यांविषयीची असते. ती सांगणारा आपल्याला शहाणा ठरवतो, आणि वेड्याला जबाबदार धरता येत नसल्यामुळे जबाबदारीचा प्रश्नही मिटतो.

मॅकेचे हे अग्रलेख शोधून काढणारे गणिती अँड्र्यू ओडलिझ्को यांचा इंटरनेटच्या तेजीशीही जवळचा संबंध आहे. इंटरनेटवरील वाहतूक दर शंभर दिवसांनी दुप्पट होते, असे विधान त्या काळी सर्वत्र केले जाई. त्याचा उगम वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीच्या एका उपकंपनीत होता. १९९८ साली ते अमेरिकी वाणिज्य खात्याच्या अहवालातही आले. १९९५-९६ या थोड्या काळापुरते ते खरे होते. त्यानंतरची वाढ साधारण वर्षाला दुप्पट एवढीच होती, हे ओडलिझ्को आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९८ सालीच मांडले. पण ते आकडे कुणालाच हवे नव्हते. शंभर दिवसांच्या त्या वाक्याच्या भरवशावर जमिनीखालून आणि समुद्रतळावरून काचतंतूंच्या केबल अंथरल्या गेल्या. जुलै २००२ मध्ये वर्ल्डकॉमने दिवाळखोरी जाहीर केली. तिच्या हिशेबांतील लबाडीचा आकडा अखेरीस सुमारे ११०० कोटी डॉलरांवर गेला, आणि प्रमुख बर्नार्ड एबर्स यांना २००५ साली २५ वर्षांची शिक्षा झाली.

केबल मात्र समुद्रात तशाच राहिल्या, आणि येथे ही अमेरिकन कथा मुंबईला येऊन मिळते. टायको कंपनीचे साठ हजार किलोमीटरचे समुद्री जाळे उभारायला दोनशे कोटी डॉलरांहून अधिक खर्च आला होता; ते टाटा समूहाच्या विदेश संचार निगमने १३ कोटी डॉलरला घेण्याचा करार २००४ साली केला. दिवाळखोरीतून गेलेली फ्लॅग टेलिकॉम त्याच सुमारास रिलायन्सने सुमारे २१ कोटी डॉलरला घेतली. भारतातील सेवा-उद्योगाला पुढील वर्षांत जी स्वस्त आणि मुबलक जोडणी मिळाली, तिच्यामागे अमेरिकन गुंतवणूकदारांनी गमावलेल्या या पैशाचाही वाटा होता.

यावरून एक दिलासा देणारा युक्तिवाद निघतो. कार्लोता पेरेझ यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तो गंभीरपणे मांडला आहे: प्रत्येक मोठ्या तंत्रक्रांतीत आधी सट्टा येतो, तो कोसळतो, पण त्याने उभारलेल्या पायाभूत सोयींवर पुढची सुबत्ता उभी राहते. रेल्वे-तेजीने रूळ दिले, इंटरनेट-तेजीने केबल दिल्या. त्यात तथ्य निश्चितच आहे. परंतु रूळ कुणाच्या पैशाने पडले आणि गाडीत कोण बसले, ही दोन माणसे वेगळी असतात, आणि 'समाजाचा फायदा झाला' या वाक्यात ती एक होऊन जातात.

आपल्याकडे ही दोन माणसे अगदी स्पष्ट दिसली. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने इंडियावर्ल्ड ही संकेतस्थळांची कंपनी ४९९ कोटी रुपयांना घेण्याचे जाहीर केले आणि मुंबईच्या बाजारातही नव्या युगाची भाषा दुमदुमू लागली. दलाल केतन पारेख यांच्या पसंतीचे तंत्रज्ञान, माध्यम आणि दूरसंचार समभाग आकाशाला भिडले. त्या खेळासाठी लागणारा पैसा ज्या मार्गांनी आला त्यांपैकी एक मार्ग अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेच्या मुंबईतील मांडवी शाखेतून जात होता. मार्च २००१ मध्ये ती बँक कोसळली आणि महिनाअखेर पारेख यांना अटक झाली. त्याच वर्षी जुलैच्या सुरुवातीला युनिट ट्रस्टने आपल्या यूएस-६४ योजनेतील खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी गोठवली. या योजनेत सुमारे दोन कोटी लोकांचे पैसे होते. निवृत्त शिक्षक, कारकून, विधवा यांनी ती सरकारी ठेवीइतकीच सुरक्षित मानली होती. कारण युनिटची किंमत प्रत्यक्ष मालमत्तेच्या मूल्याशी बांधलेली नव्हती, हे त्यांना सांगितलेच गेले नव्हते. ज्यांना आतली अवस्था कळत होती अशा मोठ्या कंपन्यांनी आधीच्या एप्रिल-मे महिन्यांत हजारो कोटी काढून घेतले होते. पुढे सरकारला हमी द्यावी लागली, आणि भार सार्वजनिक तिजोरीवर पडला. यांतील किती जणांनी संगणकाला हात लावला होता? इंटरनेटच्या वेडाची किंमत इंटरनेट न पाहिलेल्या माणसांनी मोजली. त्यांना 'वेडा जमाव' म्हणणे हा क्रूर विनोद ठरेल.

मुंबईला तर हे सारे पूर्वपरिचित असायला हवे होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, पश्चिम भारतातील कापसाला अभूतपूर्व भाव आला, आणि मुंबईत आलेल्या पैशातून बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या उगवल्या. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजार रुपये भरणा झालेला समभाग पन्नास हजारांच्या घरात गेला. त्या वेळीही एका बँकेचे दार उघडावे लागले होते. सरकारचेच भांडवल असलेल्या बँक ऑफ बॉम्बेचे नियम १८६३ साली सैल करण्यात आले आणि समभागांच्या तारणावर कर्जे सुटली. त्या कर्जवाटपावर प्रेमचंद रायचंद यांचा मोठा प्रभाव होता. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आल्यावर कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या पूर्ततेचा दिवस दिवाळखोरीचा दिवस ठरला. बँकेचा २८५० रुपयांवर गेलेला समभाग ८७ रुपयांवर आला, आणि १८६८ साली बँकच गुंडाळावी लागली. चौकशी आयोग नेमला गेला, आणि बँकेची कर्जे कुणी, कशी आणि कुणाच्या सांगण्यावरून दिली हे त्याने तपासले. इतिहास वेडाचा न सांगता कारभाराचा सांगण्याचा तो चांगला नमुना आहे. दुर्दैवाने लोकांच्या लक्षात राहिले ते समभागांचे वेड.

तेजी ऐन भरात असताना, १८६४ साली, प्रेमचंद रायचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी देणगी दिली. आईच्या नावाचा तो राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. साहित्याच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी त्याच्या सावलीत अभ्यास केला आहे, आणि त्या देणगीविषयी कृतज्ञ असण्यात गैर काही नाही. पण ज्या ठेवीदारांचे आणि भागधारकांचे पैसे त्या वर्षांत गेले, त्यांच्या नावाचा मनोरा शहरात कुठे नाही. फुग्याच्या इतिहासात जे उरते ते दिसते. ज्यांचे गेले ते दिसत नाहीत. हे न दिसणे भरून काढणे, हे काम आकड्यांइतकेच भाषेचे आहे.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेवरील गुंतवणुकीकडे पाहून तोच प्रश्न पुन्हा विचारला जात आहे: हा बुडबुडा आहे का? हा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही, कारण त्याचे उत्तर फुटल्यावरच मिळते. भाव कोणत्या शब्दावर उभा आहे, तो शब्द कुणी आणला, सार्वजनिक अहवालात आणि खासगी पत्रात तो एकाच अर्थाने वापरला जातो का, आणि फुग्यात कुणाच्या बचतीचा श्वास भरला जात आहे, हे प्रश्न मात्र आजच विचारता येतात. त्यांसाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. शब्द आणि अर्थ यांची फारकत झालेली ओळखणे ही आपल्या अभ्यासविषयाची प्राथमिक तयारी आहे. ती आपण कवितेपुरती राखून ठेवतो आणि वर्तमानपत्राचे अर्थविषयक पान न वाचता उलटतो. निदान तेथे पुढच्या वेळी 'बुडबुडा' हा शब्द आला, तर त्यावर एक रेघ मारून शेजारी 'फुगा' असे लिहावे.